उपाशी बरणीचा पाहुणचार

"अगं उठा की! समोर जेवण ठेवलंय आणि तुम्ही झोपता कसल्या?"

टिटवी ट्रेवर ओणवी होऊन लाल गोगलगायींवर ओरडत होती. मागे तिचे बाबा एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "कोणाला बोलतेयस? माणसाला की जनावराला?"

"जनावराला."

"मग हळू बोल. इथे माणूस दचकतोय."

गोगलगायी केशकर्तनालयात कशा आल्या, हे आधी सांगायला हवं. कॉलेजची प्रयोगशाळा रंगवायला घेतली होती आणि रंगाच्या वासाने त्या मेल्या असत्या. मॅडम म्हणाल्या, घरी ने. घर म्हणजे दुकानाच्या वरची पत्र्याची खोली. तिथे दुपारी माणूसही कवचात शिरेल, इतकं तापायचं. खाली दुकानात मात्र फरशी सतत ओली आणि हवा गार. म्हणून आरशासमोरच्या फळीवर, पावडरचा डबा आणि कंगव्यांच्या मधे, जाळीचं कापड बांधलेल्या दोन बरण्या आल्या. आरशात त्या चार दिसत.

टिटवी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून तिचा आवाज आणि हट्ट दोन्ही उंच, म्हणून ते पडलं. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. बाबा एकदा चढले होते, पण प्राचार्यांची दाढी करायला.

प्रयोगशाळेच्या लांब टेबलाशी स्टुलं होती आणि प्रत्येक स्टुलावर कोणाच्या तरी नावाची पट्टी होती. कोपऱ्यातल्या एका स्टुलावर पट्टी नव्हती. त्याचा एक पाय डुगडुगायचा. मॅडम म्हणाल्या होत्या, "निकाल दाखव. पटला तर त्यावर तुझं नाव लावू. नाही पटला तर पुढचं कोणीतरी रांगेत आहेच." तेव्हापासून टिटवीच्या डोक्यात ते डुगडुगणारं स्टूल एखाद्या सिंहासनासारखं बसलं होतं.

*पुढचे, या!*

(हे बाबा म्हणतात, खुर्ची झटकताना. या गोष्टीतही एक उठला की दुसरा बसेल. वाचकाने आपला नंबर धरून ठेवावा.)

गिऱ्हाइकांना प्रयोग समजावून सांगायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"या लालवाल्या उपाशी. म्हणजे एक दिवसाआड जेवण. या निळ्यावाल्या पोटभर. पाठीवर रंग दिसतोय ना, तो आमच्या टिटवीचा. नेलपॉलिश. ती स्वतः कधी लावत नाही, गोगलगायींना लागलं. आता हा ट्रे. याला दोन फाटे. एका फाट्याला लवंगेच्या तेलाचा बोळा आणि मागे जेवण. दुसऱ्या फाट्याला ठणठणपाळ. लवंगेचा वास म्हणजे जेवण, हे जिला आधी कळेल ती हुशार."

"मग अर्ध्या उपाशी कशाला ठेवायच्या?" गिऱ्हाइकाने साबणाच्या फेसातून विचारलं.

"भुकेनं लवकर शिकतात का, ते बघायचंय."

"हे काय बरं नाही बुवा."

"मलाही तसंच वाटतं," बाबा हळूच म्हणाले आणि त्यांनी आरशातून लेकीकडे पाहिलं.

बाकावरून पेन्शनर काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. काकांच्या डोक्यावर केस नव्हते, तरी ते दुकानात रोज येत. सगळं वर्तमानपत्र वाचून झालं की बाबा त्यांच्या टकलावर दोन थेंब लोशन चोळत. हीच त्यांची हजामत. "गोगलगाय आणि पोटात पाय," काका म्हणाले. "दिसायला गरीब, पण जात बेरकी. त्यांचं काय कौतुक सांगता?"

"काका, त्यांना खरंच पोटालाच पाय असतो," टिटवी म्हणाली. "शास्त्रात नावसुद्धा तसंच आहे."

"मग शास्त्राला उशिरा कळलं. आम्हाला आधीपासून माहीत होतं."

टिटवीने सगळ्यांना आरशासमोर उभं करून नियम सांगितला होता. लाल बरणीत कोणीही, काहीही, कधीही घालायचं नाही. निळीतही नाही. जेवण ती स्वतः देणार, कॉलेजातून आल्यावर, चिमट्याने. बाबांनी कात्रीवर हात ठेवून शपथ घेतली. आईने "मी कशाला घालू?" असं म्हटलं, जी शपथ नव्हे, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही. काका म्हणाले, "मला एवढाच उद्योग आहे का?" काकांना दुसरा कुठलाच उद्योग नव्हता.

*पुढचे!*

आणि निकाल आला. उलटा.

निळ्या, पोटभरल्या, ढेकर द्यायच्या बाकी असलेल्या गोगलगायी ट्रेवर सोडल्या की शिंगं काढून लवंगेच्या फाट्याला लागत. सावकाश, पण नेमक्या. लाल, उपाशी, जिवाच्या आकांताने धावायला हव्यात अशा गोगलगायी मात्र ट्रेवर ठेवल्या की कवचात जाऊन झोपत. लवंग असो, जेवण असो, टिटवीचं ओरडणं असो.

टिटवीने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. तिने बोळा बदलला, ट्रे धुतला, फाटे उलटे केले. निळ्या लवंगेकडे. लाल झोपलेल्या.

मग तिने मॅडमना फोन लावला. मॅडमचा आवाज इतका चढला की खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही तो ऐकू आला. "अगं, आजवर सगळे म्हणत आलेत की भूक शिकवते! तू म्हणतेयस की भूक झोपवते? खात्री आहे तुझी?"

"स्वतः पाहिलंय, मॅडम!"

"थांब. मी येते. मला डोळ्यांनी बघायचंय. हे खरं निघालं ना, तर नुसतं स्टूल नाही गं..."

पुढचं टिटवीला ऐकू आलं नाही, कारण ती फोन हातात धरून ओल्या फरशीवर नाचत होती. बाबांनी वस्तरा मिटून बाजूला ठेवला. त्यांना आनंद झाला की ते आधी वस्तरा मिटतात, हा त्यांचा धंद्यातला शहाणपणा.

"बघा!" ते अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले. "आमचे मास्तर म्हणायचे, पोट रिकामं ठेव, डोकं चालेल. मी ठेवलं. चाललं का? शेवटी शाळाच सुटली. आता आमच्या टिटवीनं गोगलगायींकडून सिद्ध केलं. मास्तर चुकले!"

"मास्तर आहेत का हो अजून?"

"नाहीत. नाहीतर आजच जाऊन सांगितलं असतं."

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी ती चौकात पोचली तेव्हा गोगलगायी बोलायला लागल्या होत्या.

*ही खुर्ची रिकामी आहे. वाचकाने क्षणभर बसून घ्यावं. मान मागे. डोळे मिटा. आता उघडा.*

मॅडम येणार म्हणून दुकान आदल्या दिवसापासून बंद ठेवून धुऊन काढलं. आरसा पुसला, खुर्चीला तेल घातलं, फळी आवरली. त्या गडबडीत कोणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, गोगलगायींकडे कोण बघतो? टिटवीने ठरवलं, बरण्याही स्वच्छ करू. तिने लाल बरणीतल्या गोगलगायी ताटलीत काढल्या आणि तळाची ओली माती उकरली.

मातीखालून कोबीच्या पानाचा तुकडा निघाला. कोमेजलेला, पण कडा कशा कापलेल्या! बारीक, गोल, कानामागच्या केसांना देतात तसा आकार दिलेला.

टिटवीने आणखी उकरलं. गाजराचे मऊ शिजवलेले चौकोन, सगळे एका मापाचे. तिने एक जिभेला लावला. मीठ नव्हतं.

आणखी खाली वर्तमानपत्राचा लगदा. त्यातल्या काळ्या-पांढऱ्या चौकटी अजून दिसत होत्या.

टिटवी उभी राहिली.

"बाबा."

बाबा खुर्चीचा पितळी दांडा चमकवत होते.

"आई!"

आई जिन्यावरून डोकावली. ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथे रोग्यांना बिनमिठाचं, मऊ, एका मापाचं जेवण जातं.

"काका!!"

काकांनी बाकावर कोऱ्या चेहऱ्याने वर्तमानपत्र वर धरलं. शब्दकोड्याच्या जागी भोक होतं. त्यातून काकांचा एक डोळा दिसत होता.

*आता तिघे एकदम बसतील. दाटीवाटी होईल, इलाज नाही.*

"एवढासा तुकडा गं. दाढी झाली की जरा हात मोकळा असतो, तेवढ्यात..."

"प्रत्येक दाढीनंतर?"

"प्रत्येक म्हणजे... कटिंगनंतर पण."

"बाबा! कात्रीवर हात ठेवून शपथ घेतलीत!"

"तो डावा हात होता."

"आणि आई, तू?"

"मी दिवसभर लोकांना वेळेवर जेवण मिळतंय ना ते बघते. आणि माझ्याच घरात आरशासमोर उपाशी बरणी? बाहेरचे बघतात, काय म्हणतील?"

"अहो, तू पण घालत होतीस?" बाबा बायकोकडे वळले. गोंधळले की त्यांचं संबोधन असं तिरपं होई.

"तुम्ही घालत होतात, ते मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, घरात मला एकटीलाच काळजी आहे."

"मलाही तसंच वाटलं," काका भोकातून म्हणाले. "म्हटलं, हे सगळे निर्दय."

"काका, तुम्ही त्यांना शब्दकोडं खायला घातलंत?"

"मी नाही. मी सफरचंद देत होतो. एकदा कागदावर ठेवलं, तर सफरचंद राहिलं आणि कागद गेला. मग म्हटलं, आवड असते एकेकाची."

"म्हणजे लाल बरणी दिवसभर जेवत होती!" टिटवीचा आवाज तिच्या नावाला जागला. "निळीला मी एकदाच द्यायचे. खऱ्या उपाशी निळ्या होत्या! मी संध्याकाळी ट्रेवर सोडायचे तेव्हा लालना पोटभर जेवून झोप यायची. भूकबीक काही नाही. हा शोधच नाही. हा पाहुणचार आहे!"

मग बाबा अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मास्तर चुकले नव्हते?"



बाहेर रिक्षा थांबली.

"सांगू नको," बाबा घाईने म्हणाले. "टिटवे, ऐक माझं. माती परत घाल. आम्ही तिघं तोंड उघडणार नाही. तुझं स्टूल जाईल गं."

*पुढचे, या. या, मॅडम.*

बाक काकांनी अडवला होता, म्हणून दुकानात बसण्यासारखी जागा एकच. बाबांनी सवयीने खुर्ची झटकली, मॅडम सवयीने बसल्या, आणि बाबांनी सवयीने त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलंसुद्धा.

"अहो!" आई ओरडली.

"असू द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे फळीवर खिळले होते. "बरं वाटतंय. याच का त्या? दाखव, दाखव. इतकी उत्सुकता मला माझ्या स्वतःच्या निकालाची नव्हती."

टिटवीने लाल गोगलगायींची ताटली त्यांच्यासमोर ठेवली. निळी बरणी शेजारी. तिने आरशात पाहिलं. आरशात कापड बांधलेल्या मॅडम होत्या. त्यांच्या मागे नकारार्थी मान हलवणारे बाबा, पदराने हात पुसणारी आई आणि एक भोक पडलेलं वर्तमानपत्र.

कोपऱ्यातलं ते स्टूल तिच्या डोळ्यांसमोर डुगडुगलं.

"मॅडम, निकाल खोटा आहे."

"काय?"

"लाल उपाशी नव्हत्याच. घरच्यांनी त्यांना दिवसभर खाऊ घातलं. मला आत्ता कळलं. माझा प्रयोग फसला."

मॅडमच्या चेहऱ्यावरची उत्सुकता एकेक दिवा मालवत जावा तशी विझत गेली. गळ्यातलं कापड सोडायला त्यांनी गाठ शोधली, पण बाबांची गाठ गिऱ्हाइकाला कधीच सापडत नसे.

बाबांचा जीव कासावीस झाला. जीव कासावीस झाला की ते दोनच गोष्टी करत: समोरच्या टकलावर लोशन चोळत, नाहीतर स्वतःच्या हातांना. त्यांनी हिरवी बाटली उपडी केली, तळहातावर लोशन घेतलं आणि खसाखसा चोळलं. दुकानात तो नेहमीचा तीव्र, गोड वास पसरला. टिटवी त्या वासात लहानाची मोठी झाली होती, म्हणून तिला तो वास वाटतच नसे.

ताटलीत एक लाल कवच हललं.

मग दुसरं. मग सगळीच. शिंगं बाहेर आली आणि लांब होत होत बाबांच्या दिशेने ताणली गेली.

"हे काय?" मॅडम गाठ विसरल्या.

"कालपासून बिचाऱ्यांच्या पोटात काही नाही ना," आई म्हणाली. "दुकान बंद होतं. आम्ही विसरलोच."

"ते नाही. त्या तुमच्याकडे का वळल्या? तुम्ही जरा डावीकडे जा बघू."

"मी?" बाबा डावीकडे सरकले.

इथून पुढे जे घडलं ते अत्यंत उत्कंठावर्धक होतं आणि अत्यंत सावकाश घडलं. गोगलगायींनी विचार केला. एकीने मान वळवली. सगळं दुकान श्वास रोखून उभं राहिलं. दुसरीने मान वळवली. काकांचा श्वास सुटला, त्यांनी पुन्हा घेऊन पुन्हा रोखला. हळू, हळू, हळू, सगळा लाल घोळका ताटलीच्या डाव्या काठाला लागला.

"आता उजवीकडे!" मॅडम किंचाळल्या.

बाबा उजवीकडे गेले. घोळका थांबला. शिंगं फिरली. आणि आल्या! काठावरून चढत, एकमेकींवर चढत, बाबांच्या हातांकडे!

"निळ्या? निळ्या काय करतायत?"

टिटवी बरणीला नाक लावून बसली. "निळ्यांना पत्ताच नाही, मॅडम! लोशन त्यांच्या जगातच नाही. त्यांना मी चिमट्यानं द्यायचे. माझ्या हाताला कुठला वासच नव्हता!"

"आणि यांना?"

"बाबा दाढीनंतर द्यायचे. लोशनच्या हातानं." टिटवी गर्रकन वळली. "आई, तू?"

"मी घरी आले की हात धुऊन तेच लोशन चोळते. कांद्याचा वास जात नाही दुसऱ्या कशानं."

"काका?"

काकांनी नुसता टकलावरून हात फिरवला आणि तो ताटलीजवळ नेला. सगळी शिंगं काकांकडे वळली. काकांचे डोळे भरून आले. "मी म्हणालो नव्हतो?" ते म्हणाले. "पोटात पाय! दिसायला झोपलेल्या, पण सगळं शिकून बसल्यात!"

मॅडम कापडासकट उठून उभ्या राहिल्या. "वास आणि जेवण यांची सांगड! आपण हेच शोधत होतो, टिटवी. लालना लवंगेवर नाही जमलं, ते इथे आपोआप... यांना शिकवलं कोणी?"

बाबांनी वर्गात धरावं तसं एक बोट वर केलं.

"मी. पण मुद्दाम नाही."

*उरलेले.*

स्टुलाला पट्टी लागली. मॅडम म्हणाल्या, गोगलगायी हलल्या म्हणून पट्टी नाही लागली. टिटवीने त्या हलायच्या आधी खरं सांगितलं, म्हणून लागली. मात्र सगळं पुन्हा करायचं, नव्या गोगलगायींवर, बंद खोलीत. हिरव्या बाटलीचं लोशन शास्त्राच्या कामाला म्हणून कॉलेजने मागवलं. आणि एक सक्त अट घातली: तिच्या बाबांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. आईनेही नाही. टकलू गृहस्थांनी तर अजिबात नाही.

बाबांना याचा जो अभिमान वाटला, तो कुठल्याही आमंत्रणाने वाटला नसता.

"आम्हाला प्रयोगशाळेत बंदी आहे," ते गिऱ्हाइकांना सांगत. "साधीसुधी नाही. लेखी."

"कशापायी हो?"

"आमचा हात शास्त्राला चालत नाही. फार गुण येतो." मग वस्तरा घासत ते हळूच पुस्ती जोडत, "मास्तरांचं काय ते अजून ठरायचंय. मॅडम म्हणाल्या, बघू."

काकांनी शब्दकोडं सोडवणं सोडलं. ते आता घडी करून ठेवतात, आठवण म्हणून.

प्रयोगशाळेत एका दुपारी टिटवी आपल्या स्टुलावर, एका पायाने तोल सांभाळत, जुन्या लाल गोगलगायींची बरणी पुसत होती. त्या आता निवृत्त होत्या आणि त्यांना सगळं पोटभर होतं. मॅडम सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या होत्या. खिडकी उघडी होती आणि वारा फाटकाकडून येत होता.

लाल गोगलगायी एकेक करून जाग्या झाल्या. शिंगं निघाली. सगळ्या खिडकीकडच्या काचेला जाऊन चिकटल्या.

"काय गं? कुठे निघाल्या?" मॅडमनी डोळा न हलवता विचारलं.

"खिडकीकडे."

"का?"

"बाबा आलेत. फाटकापाशी उभे असतील. आत येणार नाहीत, बंदी आहे ना."

"हे बघ, नव्या बरण्यांपर्यंत वास जाईल. सगळी मेहनत वाया." मॅडम उठल्या, त्यांनी खिडकी घट्ट लावून घेतली आणि पुन्हा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला.

टिटवीने नव्या बरण्या उचलून पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवल्या. परत आली, स्टूल आवाज न करता सरकवलं, आणि खिडकी बोटभर उघडली.